बाटलीतला दहावा डोस

९ मार्च २०२१, मंगळवार. कळमनुरी.

आज लस घेतली. म्हणजे बायकोने, गंगूने घेतली. मीही घेतली असं घरात जाहीर झालं आहे, आणि ही वही सोडली तर जगात आता तेच खरं आहे.

घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. तहसिलीत एकतीस वर्षं कारकुनी केली, शेवटची नऊ अव्वल कारकून म्हणून. त्यामुळे खऱ्याची एक प्रत कुठेतरी फायलीला लागल्याशिवाय मला चैन पडत नाही.

सकाळी दहाला दवाखान्यात गेलो. साठीच्या पुढची सगळी कळमनुरी हजर होती. पहिल्या टेबलावर नावं लिहून घेतली आणि बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी केली. बायकांची रांग सरसर सरकली. आमच्या रांगेत प्रत्येक गडी आत जाण्याआधी आपल्या मूळव्याधीचा इतिहास सांगत होता. माझ्यापुढे दोघेच उरले तेव्हा मला मागच्या गृहस्थांची एकदम दया आली. म्हटलं, "तुमचे गुडघे दुखतात, तुम्ही व्हा पुढे." मग त्यांच्या मागच्यालाही सोडलं. असे सात जण पुढे घातले. एवढ्या सौजन्याने मी नोकरीत असताना कुणाशी वागलो नव्हतो. आठव्याने सौजन्य नाकारलं, तेव्हा मला लघवीला जावं लागलं. परत येताना दार चुकलं, आणि टोचून झालेल्यांना अर्धा तास बसवतात त्या खोलीत मी जाऊन बसलो.

तिथे गंगू दंडाला कापूस धरून बसली होती. "झालं का तुमचं?"

मी म्हटलं, "हं." खोटं एवढंच बोललो. बाकीचं त्याच्या मागून आपोआप आलं.

मी भित्रा नाही. बीपी वाढलेलं असताना टोचून घेऊ नये, असं मी कुठेतरी वाचलं होतं. बीपी तपासलं नव्हतं, पण वाढलेलंच असणार, कारण छाती धडधडत होती.

अर्धा तास नुसतं बसवेना. म्हणून आलेल्यांना सांगत राहिलो, आधार कार्ड हातात ठेवा, बाही आधीच वर करा, गर्दी करू नका. ते नीलांबरी सिस्टरनी पाहिलं. त्या लसीकरणाच्या मुख्य. म्हणाल्या, "काका, तुमच्यासारखा माणूस रोज पाहिजे इथं. याल का मदतीला?" मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

१० मार्च

गंगूला ताप. अंग मोडून आलंय, हात वर होत नाही. "तुम्हाला नाही आला?" म्हणाली. म्हटलं, थोडी कणकण आहे. झालं. मलाही काढा, मऊ भात आणि वर गोधडी. भर दुपारी दोन वाजता मार्च महिन्यात मी गोधडीखाली घाम गाळत पडलो होतो. लोक म्हणतात खोटं बोलणं सोपं असतं. त्यांनी एकदा हे करून बघावं.

संध्याकाळी तिच्या मोबाइलवर लस घेतल्याचा मेसेज आला. दोघांची नावं तिच्याच नंबरवर आहेत. "माझा आला," ती म्हणाली, "तुमचा नाही आला हो."

"सर्व्हर डाऊन असेल."

तिने मोबाइल पालथा ठेवला. मग म्हणाली, "असेल." पुन्हा विषय काढला नाही. भोळी आहे बिचारी. चाळीस वर्षं माझ्याशी संसार केला, पण सर्व्हर म्हणजे काय ते काही तिला कळलं नाही.

२३ मार्च

स्वयंसेवक होऊन दोन आठवडे झाले. मला एक बिल्ला मिळाला आहे: "मी लस घेतली, तुम्हीही घ्या." रोज सकाळी तो छातीवर लावतो. जन्मभर मी लोकांकडून दाखले मागितले, रहिवासाचा, उत्पन्नाचा, जिवंत असल्याचासुद्धा. माझ्याकडे एकानेही कागद मागितला नाही. पांढरा सदरा आणि चष्मा असला की माणसाला कुणी काही विचारत नाही. या देशाचं कसं होणार, देव जाणे.

लोक भित्रे आहेत. एक आडदांड माणूस, उसाची मोळी एका हाताने उचलेल असा, सुई बघून पांढराफटक पडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटतं." सगळ्यांना हेच सांगतो. पाठ झालं आहे.

आणखी एक. दोन डोसांमधलं अंतर सरकारने वाढवलं. आता सहा ते आठ आठवडे. सरकारने माझी एवढी काळजी नोकरीत असताना घेतली असती तर बरं झालं असतं.

२ एप्रिल

काल संध्याकाळी एक डोस उरला होता. सिस्टर म्हणाल्या, "कुणी आहे का बाहेर? वाया जाईल." बाहेर कुणी नव्हतं. आत मी होतो. त्यांना सांगायचं आणि बाही वर करायची, दोन मिनिटांचं काम. पण मला कणगी आठवली. लहानपणी देवीची लस टोचणारा माणूस गावात आला की मी ज्वारीच्या कणगीत लपायचो. एकदा तर त्यांनी मला पायाला धरून बाहेर ओढलं होतं. सदुसष्ट वर्षांचा झालो, तरी तो हात अजून पायाला लागतो.

आणि आता सुईपेक्षा सिस्टरची भीती जास्त. तीन आठवडे बिल्ला लावून मिरवल्यावर काय सांगणार? रस्त्यावरून एका हमालाला बोलावून आणलं. डोस वाया गेला नाही. सिस्टर म्हणाल्या, "काका, तुम्ही होता म्हणून."

तहसिलीसमोरचा चहावाला जळबा आज विचारत होता, "सायेब, तुमाला कायी झालं का सुईनं?"

"काही नाही."

"मंग हप्त्यानं घेतो. सद्या गिऱ्हाईक लई हाय."

मी म्हटलं, बघ बाबा तुझ्या सोयीने. एरवी मी आग्रह करतो. याच्याकडे वीस वर्षं चहा प्यायलो, त्याच्या तोंडाकडे बघून आग्रह करवला नाही.

२१ एप्रिल

लिहायला बसवत नाही. जळबा गेला. नांदेडला नेलं होतं, पण ऑक्सिजन मिळेपर्यंत उशीर झाला होता. त्याने आठवड्याने लस घ्यायची म्हटलं होतं, आणि आठवड्याने लसच संपली होती. हल्ली लोक पहाटे चारपासून दवाखान्याबाहेर चपला रांगेत ठेवून बसतात, आणि दहा वाजता मी बाहेर जाऊन सांगतो, आज पन्नासच आल्यात, बाकीच्यांनी घरी जा.

मी त्याला खोटं सांगितलं नव्हतं. सुईने मला खरंच काही झालं नव्हतं.

५ मे

गंगूचा दुसरा डोस झाला. म्हणाली, "चला ना बरोबर, दोघांचाही होईल." म्हटलं, माझी तिथे ड्युटी असते, लोक काय म्हणतील, काकांनी वशिला लावला.

तर म्हणाली, "मग एखाद्या दिवशी संध्याकाळी, कुणी नसताना, घेऊन टाका. मला सांगायचीसुद्धा गरज नाही."

"दुसरा ना? घेईन की."

"हो," ती म्हणाली, "दुसरा."

पुण्याहून मुलाचा, अपूर्वचा, फोन आला होता. त्याला आई-बाबांची प्रमाणपत्रं हवीत म्हणे. मी फोन घेण्याआधीच गंगूने सांगून टाकलं, "यांचं प्रिंट काढायचं राहिलंय रे, सवडीने पाठवते." ही किती सफाईदार बोलू लागली आहे. मी घरी आलो की कपडे बाहेरच उतरवायला लावते, गरम पाण्याच्या गुळण्या, वाफ. लस घेतलेल्या माणसाला एवढं कशाला, म्हटलं. तर वाफेचं पातेलं पुढे सरकवलं.

१४ मे

अंतर आता बारा ते सोळा आठवडे. सरकार माझ्या पाठीशी भक्कम उभं आहे.

८ जून

आता गावं संपत आली. उरले ते न घेणारे. आज सिस्टरबरोबर नांदेड रस्त्याला एका शेतात गेलो. तिथे मेंढपाळांचा वाडा उतरला आहे. वाडा म्हणजे अडीचशे मेंढ्या, तीन घोडी, चार बिऱ्हाडं आणि असंख्य कुत्री. मूळचे शिरड शहापूरकडचे. शेतात मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी घ्यायची, आणि पेरणीला सुरुवात झाली की पैनगंगेपलीकडे माळांवर निघून जायचं. वाड्याचा प्रमुख नामाजी, पन्नाशीचा. त्याची आई यशोदाबाई सत्तरीच्या पुढची. चार पावलं चालली की दम लागून बसते.

नामाजी म्हणाला, "आमाला नगं."

मी माझा हुकमाचा एक्का टाकला. "मेंढ्यांना वर्षाला लस देता ना? त्यांना देता, मग स्वतःला काहून नको?"

"मेंढराला कुनी आधार कारड मागत न्हाई," तो म्हणाला. "अन् मेंढरू मेलं त मी इचारीन डाक्टरला. मी मेलो त कोन इचारीन?"

म्हातारी मात्र माझा बिल्ला बघत होती. वाचता येत नसावं. विचारलं, "काय लिवलंय ते?" मी वाचून दाखवलं.

"तुमाला झाली?"

"दोन्ही," मी म्हटलं. एक म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण एकदा सवय लागली की माणूस हात आखडत नाही.

"मंग मी घेते," यशोदाबाई म्हणाली. "पर एकली न्हाई घेनार. मी ऱ्हायले अन् लेकरं गेली, तर मी काय मेंढरं हाकू? घेतली त समद्यांनी."

घोळ घालत, कुरकुरत नामाजी कबूल झाला. वाड्यात अठराच्या पुढचे सगळे धरून दहा जण आहेत. पंचेचाळिशीच्या आतल्यांसाठी सिस्टरनी वरून विचारून परवानगी काढली. शनिवारी दुपारी. रविवारी पहाटे वाडा हलणार. म्हणजे शनिवार हुकला की ही माणसं पार दिवाळीनंतर हाती लागणार, लागली तर. म्हातारीचा दम बघता तिच्याबद्दल मला खात्री वाटत नाही.

१२ जून, शनिवार

बाराला पोचलो. सिस्टर, बर्फाचा डबा आणि मी. डब्यात एकच बाटली. बाटलीत दहा डोस असतात. एकदा फोडली की चार तासांत संपवायची, उरेल ते फेकायचं. म्हणून समोर दहा माणसं बसल्याशिवाय बाटली फोडायची नाही असा नियम. नियम मला आवडतात. जन्मभर दुसऱ्यांना लावले आहेत.

लिंबाखाली मोजले. नऊ. नामाजीचा भाऊ बजरंग चारापाणी बघायला सकाळीच पुढे गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता.

"काका, वस्तीवरनं एक जण आणा," सिस्टर म्हणाल्या. मी गेलो. पहिल्या घरात सगळ्यांची झाली होती. दुसऱ्या घरातला म्हणाला, आज शनिवार, मारुतीचा वार, लोखंड अंगात घालून घेत नाही. तिसऱ्या घराने आतून कडी लावली. चौथ्या घरी कुत्रं होतं.

घामाघूम होऊन परत आलो. नऊही जण तसेच बसले होते. यशोदाबाईने तर बाही वर करून ठेवली होती. सिस्टर घड्याळ बघत होत्या. मी म्हटलं, "नऊवर फोडा. खुलासा मी लिहून देतो. असा फर्मास लिहितो की साहेब वाचून तुमचाच सत्कार करतील."

"खुलाशाचं नाही काका," त्या म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात दोन फेकले, त्याचा खुलासा देऊन झाला. पण तुम्हीच होता ना एप्रिलमध्ये दारात? तेव्हा एका डोससाठी माणसं पाया पडत होती. हाताने फेकवत नाही हो मला."

हो, दारात मीच होतो. जळबा त्या रांगेत नव्हता, कारण त्याला मीच म्हटलं होतं, तुझ्या सोयीने बघ.

"सिस्टर," मी म्हटलं, "दहावा मी आहे."

"थट्टा नको काका."

"थट्टा नाही. मी एकही घेतलेली नाही."

त्यांनी माझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडे बघितलं. मी तो काढला. पिन बोटात घुसली, तेवढ्यानेही मी कळवळलो. लाज वाटली. खूप वाटली.

नामाजी उठून उभा राहिला. "म्हंजी आमाला शिकवून राहिला, अन् सोता कोरडाच? आमी काय तुला मेंढरं वाटलो?" त्याच्या मागून आणखी दोघे उठले. खरं बोलल्यावर माणसं जमतात, असं पुस्तकात असतं. इथे नऊचे सहा झाले.

"ए नाम्या, खाली बस," यशोदाबाई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "काहून लपविलं, सायेब?"

बीपीचं कारण जिभेवर आलं होतं. पण तिला दम लागला होता आणि तरी ती उत्तराची वाट बघत होती. म्हटलं, "भीती वाटते मला. लहानपणापासून वाटते." हे वाक्य मी आजवर कुणाशीही बोललो नव्हतो. या वहीशीही नाही.

"मंग तसं सांगायचं," ती म्हणाली. "मला बी वाटून राहिली. भेवाचं काय, ते समद्यायला असतं. फुकटची तकलीफ करून घेतली तुमी." आणि पोराला म्हणाली, "नाम्या, बुजाड मेंढरू कसं धरतेत? धर ह्याला."

नामाजी अजून रागातच होता. "पयली ह्यालाच द्या. आमी बगतो. अर्धा घंटा बगतो. ह्याला कायी झालं न्हाई त मंग आमी."

सिस्टरनी बाटली फोडली. मी दगडावर बसलो. नामाजी मागून आला, एक हात माझ्या हनुवटीखाली घातला, दुसरा कमरेभोवती, आणि पाठीला गुडघा लावला. अडीचशे मेंढ्यांना याच हाताने धरत असणार. लोकरीचा आणि तंबाखूचा वास येत होता. मी थरथरत होतो, ते त्याला कळलं असावं, कारण त्याचा आवाज बदलला. कानाशी हळू म्हणाला, "डोळे मिटू नका. मिटले की जास्ती भेव वाटतं. तिकडं घोडीकडं बगा."

मी घोडीकडे बघितलं. झालं.

तीन महिने मी लोकांना मुंगी चावल्यासारखं वाटतं म्हणून सांगत होतो. मुंगी नाही ती. पण विंचूही नाही. यापुढे लोकांना खरं सांगेन, की दुखतं, आणि मग दुखायचं थांबतं.

पुढचा अर्धा तास नऊ माणसं आणि एक परिचारिका मी मरतो का ते बघत बसली. मधे कुणीतरी शेळीच्या दुधाचा चहा दिला. मेलो नाही. मग यशोदाबाई पुढे आली. तिने हूं का चूं केलं नाही. पाठोपाठ सगळे, शेवटी नामाजी. त्याला सुई लागली तेव्हा तोच डोळे मिटून होता. बाटली रिकामी झाली.

टोचलेल्या मेंढीच्या पाठीवर हे लोक लाल रंगाचा ठिपका देतात, दोनदा टोचली जाऊ नये म्हणून. नामाजीने त्याच रंगाच्या डब्यात बोट बुडवून माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर ठिपका दिला. "आता खोटं बोलता येनार न्हाई," म्हणाला. पहिल्यांदाच हसला.

कळमनुरी आल्यावर गाडीतून उतरताना सिस्टर म्हणाल्या, "सोमवारी दहाला या काका. बिल्ल्याशिवाय या, पण या."

घरी आलो तेव्हा गंगू पुढच्या खोलीत शेंगा फोडत बसली होती. बाहीवरचं लाल बघून दचकून उठली. म्हटलं, "रक्त नाही, मेंढ्यांचा रंग आहे. आज लस घेतली. पहिली."

ती काय काय विचारेल, त्याची सगळी उत्तरं मी वाटेत तयार केली होती. एकही लागलं नाही. पहिली म्हणजे काय, हे तिने विचारलंच नाही. माझी बाही वर केली, दंडावर बोटाने टोचल्याची जागा शोधली, आणि तिथेच कपाळ टेकून रडायला लागली. शेजारी ऐकतील अशी. मी म्हटलं, "अगं, मला काही होत नाही." तर आणखीच. "तीन महिने," एवढंच म्हणाली, "तीन महिने हो."

तिच्या पाठीवरून हात फिरवत मनातल्या मनात तारखा मोजल्या. नऊ मार्चपासून आज तीन महिने आणि तीन दिवस होतात. इतके दिवस मी सकाळी निघालो की ती फाटकापाशी येऊन उभी राहायची, आणि मी समजत होतो, फाटक लावायला येते.